ऊसतोड, पूर आणि पडझड: मराठवाड्यात मदत करू इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावांत आमचा लहानसा गट काम करतो. पुण्या-मुंबईहून, परदेशातून आणि अलीकडे शेजारच्या तालुक्यांतूनही जे प्रश्न पत्रांतून व फोनवरून पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख अनेक ठिकाणी येऊ नये म्हणून जेथे गरज आहे तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मराठवाड्यात मदतीची खरी गरज कोणाला आणि कधी असते?

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर आणि धाराशिव असे आठ जिल्हे आहेत आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. तरीही बहुतेक गरीब कुटुंबांचे वर्ष एका ठरावीक चाकोरीतून जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये लोक परततात आणि परतल्यावर गावात पाण्याचा टँकर उभा असतो. जूनमध्ये बी-बियाण्यांसाठी पैसा लागतो आणि सप्टेंबरमध्ये कधी पिके करपतात, तर कधी 2025 सारखी सीना, मांजरा, सिंदफणा आणि गोदावरीच्या पाण्याखाली जातात.

सर्वांत मागे राहतात ते भूमिहीन, बटईने शेती करणारे, एकट्या स्त्रिया आणि पारधी समाजासारखे ज्यांच्याकडे जातीचा दाखलाच काय, जन्माची नोंदही नसते असे लोक. मदतीच्या यादीत त्यांचे नाव नसते, कारण यादी कागदावरून तयार होते. त्यामुळे कोणत्याही गावात गेल्यावर आमचा पहिला प्रश्न "यादीत कोण नाही?" हा असतो.

2. ऊसतोड मजुरांना निर्वासित म्हणावे का?

म्हणू नये. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत अशा कारणांनी होणाऱ्या छळाच्या रास्त भीतीने स्वतःच्या देशाबाहेर आलेली आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ न शकणारी व्यक्ती. भारताने या करारावर किंवा 1967 च्या पुरवणी करारावर सही केलेली नाही. ऊसतोड कामगार स्वतःच्याच राज्यात किंवा शेजारच्या राज्यात कामासाठी गेलेले नागरिक आहेत आणि रेशन, शाळा, अंगणवाडी, मतदान हे त्यांचे सारे हक्क त्यांच्यासोबत जायला हवेत. त्यांना निर्वासित म्हटले की हे हक्क देण्याची जबाबदारी असलेली यंत्रणा नकळत मोकळी सुटते, आणि शब्दाला आमचा आक्षेप आहे तो यासाठी.

मात्र निर्वासितांच्या छावण्यांसाठी जगभर वापरले जाणारे किमान निकष आम्ही ऊसतोड मजुरांच्या मुक्कामाच्या तळालाही लावून पाहतो (प्रश्न 6). बहुतेक तळ त्या निकषांवर उतरत नाहीत.

3. उचल म्हणजे काय? ती फेडून एखाद्या कुटुंबाला मोकळे करता येईल का?

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामापूर्वी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, त्या जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. पुढे फडात तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी धरली जाते आणि ती उचलीतून वळती होते. आजारपणामुळे किंवा लेकराच्या तापामुळे काम बुडाले तर खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाचा दंड. हंगाम संपताना रक्कम फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या हिशोबात जाते. उचलीचा पैसा बहुधा लग्न, दवाखाना, घराचे पत्रे किंवा जुनी देणी यांत आधीच संपलेला असतो.

आता आपल्या प्रश्नाकडे. आम्ही एकदा एका कुटुंबाची बाकी देणगीतून फेडली. कुटुंब त्या वर्षी गावात थांबले, पण हिवाळ्यात गावात काम मिळाले नाही आणि पुढच्या भाद्रपदात थोरल्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी पहिल्यापेक्षा मोठी उचल घेतली. चूक आमची होती. आम्ही कर्ज फेडले आणि कर्जाचे कारण तसेच ठेवले. तेव्हापासून आम्ही उचल फेडत नाही. त्याऐवजी प्रत्येक कोयत्याला स्वतःची वही देतो, तिच्यात उचल, रोजचे टन, खाडे आणि खर्चापोटी मिळालेली रक्कम लिहिली जाते, आणि वही बाईच्या हाती राहील असे पाहतो. शिवाय दवाखान्याच्या खर्चासाठी बचत गटातून कमी व्याजाचे कर्ज मिळवून देतो, कारण नव्या उचलीचे कारण बहुतेक वेळा आजारपण असते.

बाकी राहिली म्हणून कोणाला डांबून ठेवले, मारहाण केली किंवा मुलांना अडकवून ठेवले, तर तो व्यवहार उचलीचा राहत नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते आणि तातडीच्या प्रसंगी 112 वर फोन करावा.

4. घरातले जुने कपडे पाठवले तर चालतील का?

कृपया पाठवू नका. 2025 च्या पुरानंतर नदीकाठच्या एका गावात मारुतीच्या देवळाचा सभामंडप कपड्यांच्या गाठोड्यांनी भरला होता. वरच्या गाठोड्यात जरीच्या साड्या, एका पायाचे बूट आणि चेन तुटलेल्या पँटी होत्या. खालची गाठोडी ओलीने काळी पडली होती. शेजारी ओट्यावर बसलेल्या एका आजीने विचारले, "साड्या लई आल्या, दादा. बैलायला वैरण कुठं हाय?" तिच्या गोठ्यात दोन बैल तीन दिवस भिजलेला कडबा हुंगून बाजूला सारत होते.

वस्तूच पाठवायच्या असतील तर गावाला आधी विचारावे. पुरात ताडपत्री, चादरी, स्वयंपाकाची भांडी, कोरडी वैरण किंवा मुरघास, सॅनिटरी पॅड, नवे आतले कपडे आणि मुलांच्या वह्या यांची मागणी येते. ऊसतोडीच्या काळात चांगल्या बॅटऱ्या, रबरी बूट आणि पाणी साठवायच्या झाकणाच्या टाक्या लागतात. शक्यतो खरेदी जवळच्या बाजारपेठेत करावी, कारण त्या दुकानदाराचाही माल पुरात भिजलेला असतो.

5. रोख पैसे दिले तर ते दारूत जातील, अशी भीती वाटते. ती खरी आहे का?

आमच्या अनुभवात पैसे घरातील बाईच्या खात्यावर गेले तर ते धान्य, औषध, खत आणि शाळेवर खर्च होतात. दारूची अडचण आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही, पण पोत्यातला तांदूळही विकला जाऊ शकतो.

खरी अडचण वेगळीच असते. खाते आधारशी जोडलेले नसते, केवायसी न केल्याने बंद पडलेले असते, किंवा त्याच बँकेत पीककर्ज थकल्याने खात्यावर रोक लागलेली असते. रक्कम पाठवण्यापूर्वी शंभर रुपये पाठवून ते निघतात का ते पाहा. निघाले नाहीत तर कर्ज नसलेल्या दुसऱ्या बँकेत किंवा टपाल खात्यात नवे खाते उघडून द्यावे.

6. पूर आल्यावर पहिल्या आठवड्यात नेमके काय करावे?

पाणी पहिले. आपत्तीतील मदतीचे आंतरराष्ट्रीय किमान निकष सांगतात की प्रत्येक माणसाला रोज किमान 15 लिटर पाणी, जास्तीत जास्त 20 माणसांमागे एक शौचालय आणि निवाऱ्यात प्रत्येकी किमान 3.5 चौरस मीटर जागा मिळावी. 300 माणसे शाळेत आली असतील तर रोज 4,500 लिटर पाणी आणि 15 शौचालये लागतील, हा हिशोब टँकर मागवतानाच करावा. विहिरी व हातपंप क्लोरीन टाकून शुद्ध झाल्याशिवाय त्यांचे पाणी पिऊ नये. स्त्रियांसाठी आडोसा, दिवा आणि आतून लागणारी कडी असावी, कारण ती नसली तर बायका रात्रभर पाणी पीत नाहीत.

दुसरे काम जनावरांचे. शेतकरी गोठा सोडून निवाऱ्यात येत नाही, म्हणून जनावरांसाठी उंच जागा शोधली की माणसेही आपोआप सुरक्षित जागी येतात.

तिसरे काम कागदाचे, आणि बाहेरून आलेले कार्यकर्ते ते नेहमी विसरतात. चिखल उपसण्याआधी घराचे, पिकाचे आणि मेलेल्या जनावरांचे तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवावेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवल्याशिवाय जनावर पुरू नये. याचे कारण पुढच्या प्रश्नात आहे.

7. सरकार नुकसानभरपाई देतेच, मग आमची मदत कशाला?

सरकारी मदत मिळते, पण ती पंचनाम्यावर मिळते. 2022 ते 2026 या काळासाठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मृत व्यक्तीच्या वारसांना 4 लाख रुपये, दुभत्या गाई-म्हशीसाठी 37,500 रुपये आणि बैलासारख्या ओढकाम करणाऱ्या मोठ्या जनावरासाठी 32,000 रुपये ठरलेले होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येऊन गेले आणि त्या दिवशी घरचे लोक नातेवाइकांकडे गेलेले असतील, तर नोंद राहून जाते. त्या निकषांनुसार एका म्हशीची नोंद करून घेणे म्हणजे त्या घराला 37,500 रुपये मिळवून देणे, आणि त्याला लागतो तो अर्धा दिवस व एक मोटारसायकल. आपण पाठवलेल्या शिध्याने पंधरा दिवस निघतात. दोन्ही लागते, पण दुसऱ्याच्या नादात पहिले हुकू देऊ नये.

8. ऊसतोडीला गेल्यावर रेशन बुडते का?

कायद्याने बुडू नये. 'एक देश एक रेशनकार्ड' या व्यवस्थेत आधार जोडलेला सदस्य देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानात बोटाचा ठसा देऊन आपले धान्य घेऊ शकतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य मिळते. कुटुंबाचे दोन भाग झाले असतील, म्हणजे आजी-आजोबा गावात आणि बाकीचे फडावर, तर धान्य थोडे येथे आणि थोडे तेथे उचलता येते. अनेक कुटुंबांना हे ठाऊक नसते.

अडचण येते ती तीन ठिकाणी: कोयत्याने घासून बोटांचे ठसे उमटत नाहीत, नव्या सुनेचे व लेकरांचे नाव कार्डावर चढलेले नसते, आणि तळाजवळचा दुकानदार "तुमचे येथे नाही" म्हणून परत पाठवतो. पहिल्या दोन्ही गोष्टी गावात असतानाच दुरुस्त होऊ शकतात (प्रश्न 14). तिसरीसाठी तेथील तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्यावी.

9. मुलांच्या शिक्षणासाठी काय करता येईल?

मूल गावातच राहून शिकावे, हा पहिला पर्याय. त्यासाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालतात, आणि आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांना तेथे जेवण व अभ्यास मिळतो. पहाटे चारच्या थंडीत मूल फडात जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मूल सोबत गेलेच तर तळाजवळच्या शाळेत त्याला प्रवेश द्यावाच लागतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेले कार्ड, मागून घ्यावे.

बारा-तेरा वर्षांच्या मुलीबाबत मात्र घाईने सल्ला देऊ नका. मागे ठेवावी तर घरात सांभाळणारे कोणी नाही, सोबत न्यावी तर तळावर दार नसलेली कोपी, म्हणजे झोपडी. याच पेचातून तिचे लग्न लवकर उरकले जाते. अशा मुलींसाठी निवासी शाळेतील जागा मिळवणे हे आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम आहे आणि त्यासाठी जूनमध्येच अर्ज करावे लागतात.

10. ऊसतोड महिलांसाठी आरोग्य शिबिर घ्यायचे आहे. कसे घ्यावे?

आधी पार्श्वभूमी समजून घ्यावी. बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यामागे अंगावरून जाणे आणि पोटदुखी यांवर वेळेत न झालेले साधे उपचार, कर्करोगाची घातलेली भीती, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नसणे आणि तळावर ना पाणी ना आडोसा अशी सगळी कारणे एकत्र येतात. कमी वयात गर्भाशय आणि त्यासोबत अंडाशये काढली गेली की हाडे ठिसूळ होणे, अंगातून गरम वाफा येणे, सांधे धरणे हे पुढच्या आयुष्यभराचे दुखणे होते.

म्हणून एका दिवसाच्या शिबिरात तपासून "मोठ्या दवाखान्यात दाखवा" असे लिहून देणारी मदत आम्ही स्वीकारत नाही, कारण ती चिठ्ठी घेऊन बाई ज्या दारात जाते तेथेच बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. शिबिर घ्यायचे तर दसऱ्यापूर्वी एक आणि परतल्यावर एक असे दोनदा घ्यावे, सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ असावी, रक्तातील हिमोग्लोबिन जागेवर मोजावे, जंतुसंसर्गाची औषधे पूर्ण मुदतीची द्यावीत आणि प्रत्येक बाईला तिचे तपासणीपत्र तिच्या हाती द्यावे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या बाईला दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत सोबत करणे ही सर्वांत उपयोगी सेवा होय. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय त्यासाठी जवळचे आहे. गर्भवतींनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. लोहाच्या गोळ्या आणि अंगणवाडीचा आहार त्या जेथे असतील तेथे मिळण्याचा त्यांना हक्क आहे.

11. पडलेल्या घरांच्या जागी आम्ही एक नवी वसाहत बांधून देऊ शकतो. जागा सुचवाल का?

जागा सुचवण्याआधी लातूर जिल्ह्यातील किल्लारीकडे पाहावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणेश विसर्जनाहून परतून लोक झोपलेले असताना भूकंप झाला आणि जवळपास 8 हजार माणसे गेली. रुंद दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे, म्हणजे मातीची सपाट छते, झोपलेल्या माणसांवर कोसळली. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने झालेल्या पुनर्वसनात 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. नवी गावे सरळ रस्त्यांची आणि ऐसपैस होती, पण शेत लांब गेले, गोठ्याला आणि कडब्याला जागा उरली नाही, आणि गल्ली-भावकीचा शेजार विखुरला.

त्याच कार्यक्रमात दुसऱ्या बाजूला 2 लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनीच हप्त्याने मिळालेल्या पैशांतून केले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातील स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या आणि कोपऱ्यांत जोडदगड कसे घालावेत, काँक्रीटचा पट्टा कोठे ओतावा हे घरोघर समजावू लागल्या. माळवदावर विश्वास उरला नसतानाही आपले घर आपल्या देखरेखीखाली उभे राहिले, याचा लोकांना आधार वाटला.

त्यामुळे आमची विनंती अशी की घर बांधून देऊ नका. घर बांधणाऱ्याला गवंडी, अभियंता आणि सळई-सिमेंटचा हप्ता द्या. गोठा घराच्या आराखड्यातच धरा. आणि घराचा उतारा नवरा-बायको दोघांच्या नावे होईल हे आधी ठरवा.

12. ज्यांची शेती स्वतःच्या नावावर नाही, किंवा ज्यांचा अर्ज 'अपात्र' ठरला, त्यांचे काय?

हे सर्वांत अवघड प्रश्न आहेत, कारण येथे नियम आणि गरज यांची गाठ पडत नाही. बटईने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे पीकनुकसानीचे पैसे मूळ मालकाच्या खात्यावर जातात. मालक भला असेल तर वाटा देतो. अशा कुटुंबांची यादी आम्ही ग्रामसभेत उघड वाचून तयार करतो आणि खाजगी देणगीचा पहिला वाटा त्यांना देतो.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य शासनाची 1 लाख रुपयांची मदत आहे. त्यांतील 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीच्या रूपाने मिळतात. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हा समिती ठरवते. शेती सासऱ्याच्या नावे असली किंवा कर्ज विनापरवाना सावकाराचे असले की प्रकरण अडकते. अशा विधवेला फेरतपासणीचा अर्ज, वारसनोंद आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज या तीनही गोष्टी एकाच वेळी करून द्याव्यात. भेटीला गेल्यावर "का केले?" असे कृपया विचारू नका, त्या घराला तो प्रश्न शंभर जणांनी आधीच विचारलेला असतो. घरातील कोणी खचलेले दिसल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकाची माहिती द्यावी.

अपघात, वीज किंवा सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू झाला असल्यास ती वेगळी योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची, आणि तिची 2 लाखांची रक्कम शवविच्छेदन अहवालाविना अडते. त्यामुळे दुःखाच्या त्या घटकेतही कोणीतरी जबाबदार नातेवाइकाने शवविच्छेदनाचा आग्रह धरावा.

13. मी परदेशात राहतो. पैसे थेट पाठवू का? पावतीवर करसवलत मिळेल का?

भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परकीय योगदान मानले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे पैसे मात्र मानले जातात, तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी. ते पैसे 2010 च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या दिल्लीतील ठरलेल्या स्टेट बँक खात्यातच यायला हवेत, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. आमच्याकडे ही नोंदणी नसल्याने आम्ही असे पैसे नम्रपणे परत करतो.

भारतातील करदात्याला देणगीवरची करवजावट (1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील 80-जी) जुन्या करप्रणालीतच मिळते. 2,000 रुपयांवरील रोख देणगीवर आणि वस्तुरूप देणगीवर ती मिळत नाही.

14. आमच्या गटाला फक्त दोन दिवस सवड आहे. त्यात काही उपयोगाचे होईल का?

पुष्कळ होईल, फक्त तारीख आमच्या सोयीने ठरवावी. टोळ्या निघण्यापूर्वीचा आठवडा, म्हणजे साधारण दसऱ्याच्या मागचे-पुढचे दिवस, सर्वांत चांगला. त्या दिवसांत एका वस्तीवर बसून रेशनकार्डावर नावे चढवण्याचे अर्ज, आधारचे ठसे पुन्हा नोंदवण्यासाठी केंद्रापर्यंत गाडी, शिक्षण हमी कार्डे, माता-बाल कार्डाच्या छायाप्रती आणि उचलीच्या वह्या एवढे काम दहा माणसे दोन दिवसांत तीस-चाळीस कुटुंबांचे पुरे करू शकतात.

मुलांचे फोटो काढू नयेत आणि वाटपाचा कार्यक्रम, हार-तुरे, फलक ठेवू नयेत. एखादे मूल एकटे पडलेले आढळले तर त्याला सोबत नेण्याचा किंवा ओळखीच्या कुटुंबात ठेवण्याचा विचार मनात आणू नये. 1098 वर कळवावे, पुढचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. येताना काळ्या शाईची पेने, ठशासाठी शाईचे पॅड, स्टेपलर, दोन-तीन चांगले मोबाइल आणि छायाप्रतीचे छोटे यंत्र आणावे. वीज दुपारी जाते, म्हणून छायाप्रतींचे काम सकाळी आटोपून घ्यावे लागेल.